मखमलीचा ठसा

परवा आमच्या धाकट्या नातीचा, मुक्ताचा, घसा धरला. अंगात कणकण होती आणि आवंढा गिळताना पोर तोंड वाकडं करत होती. तिच्या आईनं कपाटाच्या वरच्या खणातून गेल्या दिवाळीतल्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट काढलं, आणि मी पडवीतून नुसता खाकरलो. सासरा खाकरला की सून थबकते, एवढा जुना वचक आमच्या घरात अजून शिल्लक आहे, त्यामुळे पाकीट परत खणात गेलं. संध्याकाळी वीज गेली, मी कंदिलाची काच पुसून वात वर केली, आणि मुक्ता घोंगडी पांघरून शेजारी येऊन बसली ती प्रश्न घेऊनच.

“आबा, आई म्हणते, सारखी औषधं घेतली की जंतूंना सवय होते, मग ते मरत नाहीत. खरं का?”

सवय! हाच शब्द मी स्वतः पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून पोरांना सांगितला आहे, म्हणजे त्या पापाचा मोठा वाटा माझ्याच डोक्यावर. आणि तो पटतोही चटकन. नवी चप्पल आठवडाभर पाय सोलते, मग कातडी निबर होते. गोडं वरण खाऊन वाढलेली मुलगी खानदेशात दिली की दोन वर्षांत शेवेची भाजी डोळे न पुसता खाते. तसाच जंतूही थोडं थोडं औषध अंगावर घेत निबर होत असणार, असं वाटणं साहजिक आहे. भल्या भल्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. तसं नाही हे उमगलं ते जुगाराच्या एका यंत्रापायी आणि मखमलीच्या एका तुकड्यापायी. पण त्याआधी जरा विरजणाकडे जाऊन येऊ.

तुझी आजी रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालते आणि सकाळी भांडंभर दही होतं, ते काय उगाच? त्या चमच्यातल्या एकेका जिवाचे दोन होतात, दोनाचे चार. लग्न नाही, कार्य नाही, पत्रिका जुळवणं नाही. जीव मधोमध चिरतो आणि जिथे एक होता तिथे दोघं. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा एक जंतू राहतो, बहुतेक वेळा गरीब, शेजारधर्म पाळणारा. भरपूर खायला आणि ऊब मिळाली तर तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. रात्री नऊला एक असला, तर सकाळी सातला तीस वेळा दुप्पट होऊन किती होतील? मुक्तानं बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. १०७ कोटी, आणि वर काही लाख.

आता एकाचे दोन होताना दरवेळी त्याला आपली पोथी, म्हणजे जगण्याचा सगळा बेत लिहिलेली, उतरवून काढावी लागते; मग दोघांनाही एकेक मिळते, निम्मी जुनी आणि निम्मी नवी. ही पोथी ४६ लाख अक्षरांची, आणि वर्णमाला मात्र अवघी चार अक्षरांची. आपल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार; लोक हातानं नकला करत गेले तसे त्यात इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी बसून ती शुद्ध केली. माणसाचा हात तो, डुलकी लागते, वरची ओळ खाली येते. जंतूच्या पोटातला लहिया फार कसलेला आहे, आणि त्याच्या पाठीशी त्याचे एकनाथही बसलेले आहेत, उतरलेलं अक्षर ताडून बघणारे, चुकलं तर खोडून पुन्हा लिहिणारे. एवढा बंदोबस्त असूनही साधारण हजार नकलांमागे एखाद्या नकलेत एक अक्षर चुकतंच. हजारात एक म्हणजे तू म्हणशील काहीच नाही. पण १०७ कोटींत? दहा लाखांच्या वर चुका, एका रात्रीत, आणि कुठली कुठे पडेल याला काही नेम नाही. पुष्कळशा चुकांनी कुणाचं काही बिघडत नाही, काही जीव घेतात, आणि एखादी अशी पडते की आज तिचा काडीचा उपयोग नाही, पण उद्या भलतंच संकट आलं तर नेमकी तीच कामी यावी. पुस्तकात याला उत्परिवर्तन म्हणतात. शब्द उगाच जड आहे, गोष्ट एका चुकलेल्या अक्षराची.

तर आता १९४३ साली, अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन गावी चल. तिथल्या इंडियाना विद्यापीठात साल्व्हादोर लुरिया नावाचा तिशीतला माणूस शिकवत होता. मूळचा इटलीतल्या ट्युरिनचा ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांनी देशात राहू दिलं नाही म्हणून पॅरिसला गेला, आणि १९४० साली जर्मन फौजा तिथेही येऊन ठेपल्या तेव्हा सायकलवर टांग टाकून दक्षिणेला पार मार्सेयपर्यंत गेला, आणि अखेर बोटीनं अमेरिकेला. जीव वाचवायला एवढी सायकल हाणलेल्या माणसाला नशीब म्हणजे काय चीज आहे हे तुझ्यामाझ्यापेक्षा जरा जास्तच कळत असणार.

जंतूंनाही रोगराई असते बरं का. त्यांना पोखरून खाणारे विषाणू असतात, जंतूपेक्षाही कितीतरी बारके. लुरिया ई. कोलायच्या वस्तीवर असे विषाणू सोडायचा. कोट्यवधी जंतू पटापट मरायचे, पण चारदोन टिकायचे, आणि त्यांच्या पोराबाळांनाही विषाणू काही करू शकायचा नाही. त्याचा प्रश्न तुझ्यासारखाच होता: हे टिकलेले जंतू, विषाणू अंगावर आल्यावर तयार झाले, की विषाणू यायच्या आधीच तसे होते? दोन्हीकडून हाती येणार तेच, टिकलेले चार जंतू. मग ओळखायचं कसं?

याच घोळात असताना तो एका संध्याकाळी प्राध्यापकांच्या नाचाच्या कार्यक्रमाला गेला. तिथे कोपऱ्यात जुगाराचं यंत्र होतं, नाणं टाकायचं आणि दांडी ओढायची, असलं. त्याचा एक सहकारी एकामागून एक नाणी घालवत होता आणि लुरिया शेजारी उभा राहून त्याची टिंगल करत होता. तेवढ्यात यंत्रानं खणाखण नाणी ओकली, चांगली तीनेक डॉलरची चिल्लर. सहकाऱ्यानं ती गोळा केली, लुरियाकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि निघून गेला. लुरिया मात्र यंत्राकडे बघत राहिला. हे बेणं बहुतेक वेळा काहीच देत नाही, कधी किरकोळ देतं आणि क्वचित एकदम ढीग ओततं. प्रत्येकाला थोडं थोडं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रयोगशाळेत हजर.

त्यानं केलं ते आपल्या स्वयंपाकघरातही समजेल असं. एका मोठ्या पातेल्यात दही लावून त्याच्या वीस वाट्या भरायच्या, हा एक प्रकार. आणि वीस वेगवेगळ्या वाट्यांत चिमूटभर विरजण घालून वीस वेगळी दही लावायची, हा दुसरा. मग सगळ्यांवर विषाणू सोडायचा आणि प्रत्येकात किती जंतू टिकले ते मोजायचं. विषाणू आल्यावर जंतू तयार होत असतील, तर पातेलं काय आणि वाट्या काय, सगळीकडे आकडे सारखेच, थोडे इकडेतिकडे. पण चुकलेलं अक्षर आधीच, वाढता वाढता पडत असेल, तर ते एकीत पहिल्या प्रहरी पडेल, एकीत शेवटच्या घटकेला आणि एकीत पडणारच नाही. एका प्रयोगातल्या वीस नळ्यांचे त्याचे आकडे ओळीनं सांगतो, ऐक: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. वीसात अकरा शून्यं, आणि मध्येच १०७! पातेल्यातून भरलेल्या वाट्यांचे आकडे मात्र एकमेकांना धरून होते.

“यंत्राचा ढीग,” मुक्ता म्हणाली. ढीगच. पण तो कशाचा, ते कुलवृत्तांत बघितला की कळतं. आपल्याकडे आडनावाआडनावांचे जाडजूड कुलवृत्तांत निघतात. पाचशे माणसं एकाच आडनावाची, आणि पहिल्या पानावर एकच मूळपुरुष, कधीकाळी गाव सोडून आलेला. तो आठ पिढ्यांमागे आला म्हणून पाचशे. परवा आला असता तर तो, बायको आणि दोन पोरं. त्या १०७ वाल्या नळीत मूळपुरुष लवकर चुकला होता, एवढंच. लुरियानं हे आपल्या मित्राला, माक्स डेलब्रुकला कळवलं. तो नॅशव्हिलला होता, मूळचा पदार्थविज्ञानाचा माणूस, त्यानं त्याचं रीतसर गणित बसवून दिलं. त्याच वर्षी दोघांनी ते छापलं, आणि १९६९ साली हर्शी नावाच्या तिसऱ्या गड्याबरोबर दोघांना नोबेल मिळालं. ज्याच्यामुळे हे सुचलं त्याला तीन डॉलर.

पण गणितानं पटणारी माणसं थोडी. डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि ते दाखवलं मखमलीनं.

जंतू वाढवायला शास्त्रज्ञ बशीत एक खळीसारखा थर ओततात, तो कशाचा ठाऊक आहे? उपासाच्या गोडात घालतात त्या चायना ग्रासचा, समुद्रातल्या शेवाळातून काढलेल्या. आधी यासाठी जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात वितळायचं आणि जंतूच ते खाऊन पातळ करायचे. १८८१ साली जर्मनीत फॅनी हेसे नावाच्या बाईनं नवऱ्याला, तो जंतुशास्त्रज्ञ, सांगितलं की माझी जेली उन्हातही ढळत नाही, ही पूड घालून बघ. तिला ती ठाऊक झाली होती जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून. आज जगातल्या झाडून सगळ्या प्रयोगशाळा फॅनीबाईंच्या मुदपाकखान्यावर चालतात आणि तिचं नाव शंभरात एकाला माहीत नसतं.

अशीच दुसरी, एस्थर लेडरबर्ग, अमेरिकेत विस्कॉन्सिनला. १९५२ साली तिनं आणि तिचा नवरा जोशुआ यानं गोल ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली. मखमलीची लव म्हणजे हजारो बारीक सुया. जंतूंच्या वस्त्या वाढलेल्या बशीवर ती हलकेच दाबायची, प्रत्येक वस्तीतले थोडे जंतू आपापल्या जागी लवेला चिकटतात, आणि मग तोच ठसा कोऱ्या बशीवर उमटवायचा. कपाळावर गोपीचंदनाची मुद्रा उठते तशी, जिथल्या तिथे. पण कोऱ्या बशीत त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे औषध घातलेलं होतं. तिथे सगळे मेले, एखाद्या ठिकाणी मात्र टिपका वाढला. आता खरी गंमत. त्या टिपक्याची जागा धरून ते परत मूळ बशीकडे आले. त्या बशीनं औषधाचा थेंब पाहिला नव्हता. नेमक्या त्याच जागेवरचे जंतू उचलले, वाढवले, पुन्हा ठसा, पुन्हा तीच जागा. असं करत करत शेवटी हाती निव्वळ औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची जमात आली, आणि तिच्या सात पिढ्यांत कुणी औषध चाखलेलं नव्हतं. सवय कशाची होणार? न पाहिलेल्या गोष्टीची? औषध जंतूला काही शिकवत नाही, ते नुसती चाळण धरतं. जोशुआला १९५८ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. एस्थरला नाही. मला तरी ते बरं वाटत नाही.

“पण एका अक्षरानं असं काय होतं?” मुक्ताचा घसा दुखत होता, प्रश्न नाही.

जंतूच्या पोटात प्रथिनं शिवणारं यंत्र असतं, पोथीतला बेत वाचून टाके घालणारं. स्ट्रेप्टोमायसिन त्या यंत्राच्या एका खाचेत जाऊन बसतं, मग यंत्र बेत चुकीचा वाचतं आणि सदऱ्याला तिसरी बाही शिवून ठेवतं. एक अक्षर बदललं की त्या खाचेजवळचा एक मणी बदलतो, आणि औषधाला तिथे बूडच टेकता येत नाही. फुकट मात्र काही नसतं. कुलूप बदललं की घरच्यालाही किल्ली अडते, तसं यातल्या काहींचं यंत्र अडखळत, हळू चालतं. आणि १९४७ साली तर असेही वल्ली सापडले की ज्यांना स्ट्रेप्टोमायसिन दिल्याशिवाय जगताच येईना. मारायला आणलेलं विष, आणि यांना त्याचीच तलफ!

हे औषध १९४३ साली न्यू जर्सीत, वाक्समन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या एका जिवाकडून मिळालं. पेनिसिलिन क्षयावर चालत नव्हतं, हे चाललं. इंग्लंडात १९४७ साली त्याची रीतसर परीक्षा सुरू झाली, तिच्यात १०७ रोगी होते. (हा आकडा आज आपला पिच्छा सोडायला तयार नाही.) ५५ जणांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ गेले, दुसऱ्यांतले १४. लोकांनी देव पाण्यातून काढले. पण पाच वर्षांनी मोजलं तेव्हा औषधवाल्यांतले ३२ गेले होते आणि दुसऱ्यांतले ३५. मधल्या काळात छातीत कोट्यवधी क्षयजंतूंमधले ते मूठभर, दाद न देणारे, मोकळ्या रानात वाढले होते. इलाज मग गणितातूनच निघाला: दोन-तीन औषधं एकदम द्यायची. कोट्यवधींत एकाला एक लॉटरी लागते, पण त्याच जिवाला एकाच वेळी दोन लागणं जवळजवळ नाहीच.

आमच्या आळीत एक शिंपी होता. त्याला क्षय झाला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, गालावर मांस आलं, आणि लघवी तांबडी होते म्हणून त्यानं लाल गोळ्या बंद करून पांढऱ्या तेवढ्या चालू ठेवल्या. लाल गोळी रिफाम्पिसिनची, तिनं लघवीला रंग येतोच, त्यात भ्यायचं काही नाही. पण त्यानं आपल्या हातानं दोन लॉटऱ्यांची एक करून टाकली. वर्षाच्या आत खोकला परतला आणि मग पांढऱ्या गोळीला दाद देईना. तो वाचला, पण त्याला दोन वर्षं लागली आणि दुकान गेलं. मुंबईत २०१२ च्या आरंभी तर अशा काही रोग्यांची बातमी आली की ज्यांचा क्षय तेव्हा तपासलेल्या एकाही औषधाला जुमानत नव्हता. पायरी पायरीनंच चढतात हे जंतू.

पायरीवरून आठवलं. २०१६ साली हार्वर्डमध्ये रॉय किशोनी आणि मायकेल बेम यांनी आपल्या फॅनीबाईंच्या चायना ग्रासची चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी परात केली. दोन्ही टोकांना औषध नाही, आत थोडं, त्याच्या आत दसपट, मग शंभरपट आणि मधोमध हजारपट, असे पट्टे. थर शाईनं काळा केलेला, म्हणजे पांढरे जंतू उठून दिसावेत. टोकांना ई. कोलाय सोडले आणि वर कॅमेरा लावला. जंतू पसरत पहिल्या रेषेपाशी येतात आणि थांबतात, बांधाशी पाणी थांबतं तसे. मग एका ठिकाणी टिपका फुटतो, कुणाचं तरी अक्षर चुकलेलं असतं, आणि त्याची प्रजा पंख्यासारखी पुढे उघडते. पुन्हा बांध, पुन्हा टिपका. दहा-बारा दिवसांत ते मधल्या हजारपट पट्ट्यात पोहोचले. पायऱ्या गाळून एकदम वर मात्र कुणाला उडी मारता येईना. काहींचे तर पोटातले एकनाथच बिघडलेले होते, म्हणून चुका जास्त आणि टिपकेही जास्त. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की अधिक ताकदीचे काही जंतू मागेच अडकून पडले होते, कारण पुढची जागा आधी आलेल्या हलक्यासलक्यांनी धरली होती. त्यांना उचलून पुढे ठेवलं तर छान वाढले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे तिथेही आहेतच!

वाकून वात जरा कमी केली. मुक्ता पेंगत होती, पण तिच्या घशाची गोष्ट राहिली होती. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंगसाहेब १९४५ साली नोबेल घेताना अशीच एक गोष्ट सांगून गेले. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच्या मनानं अपुरं पेनिसिलिन घेतो, त्यानं जंतू मरत नाहीत पण औषधाविरुद्ध तयार होतात. मग बायकोला त्यांची लागण होते आणि औषध न चालल्यानं ती दगावते. इशारा अगदी रास्त. पण जंतूंना शिकवून तयार करण्याची भाषा त्यांचीही, म्हणजे मी एकटाच नव्हतो तर! आणि निसर्गाची खोडी अशी की त्यांनी गोष्टीत घातलेला जो जंतू, घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसांपैकी, त्यातली घशाची मुख्य जात आजतागायत पेनिसिलिनला दाद देते. कितीतरी दुसरे निसटले, हा ऐंशी वर्षांत निसटला नाही.

मुक्ताचा घसा मिठाच्या गुळण्यांनी तिसऱ्या दिवशी मोकळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणूचा होता, त्याला या गोळ्या लागूच पडत नाहीत. मग मुक्तानं स्टूल लावून वरच्या खणातलं ते पाकीट काढलं आणि माझ्यापुढे उलटं धरलं. मागे वरपासून खालपर्यंत एक तांबडी रेघ होती. २०१६ साली सरकारनं या रेघेची मोहीम काढली. ती असेल तर गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घ्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. तुमच्याही घरी वरच्या खणात एखादं पाकीट असेल. उलटं करून बघा.